आपल्याला न दुखवणारी पुस्तके पुरे झाली

दीक्षाभूमीवरून किंवा चैत्यभूमीवरून परतताना आपला माणूस रिकाम्या हाताने येत नाही. पोटाला चिमटा घेऊन पुस्तक विकत घेणारा असा समाज या देशात दुसरा नाही, हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण मित्रहो, गेल्या पाच वर्षांत घरात कोणती पुस्तके आली हे एकदा कपाट उघडून बघा. आम्ही आमचेच कपाट तपासले. बाबासाहेबांची सहा चरित्रे निघाली आणि सहाही एकच गोष्ट सांगतात. जे आधीच पटलेले आहे तेच आपण पुन्हा पुन्हा विकत घेत आहोत. याला वाचन म्हणायचे का?

कळमनुरी तालुक्यातल्या एका विहारात रविवारी वंदना झाल्यावर आम्ही दहा-बारा जण बसतो. या वर्षी ठरवले की ज्याने डोके तापेल तेच पुस्तक घ्यायचे. पहिले घेतले आनंद तेलतुंबडे यांचे 'आयकॉनोक्लास्ट'. २०२४ साली आलेले हे बाबासाहेबांचे इंग्रजी चरित्र चांगले जाडजूड आहे. तेलतुंबडे यवतमाळ जिल्ह्यातल्या राजूरचे, शेतमजुराच्या घरातले. भीमा कोरेगाव प्रकरणात १४ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे नेमके जयंतीच्या दिवशी, त्यांना शरण जावे लागले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ते जामिनावर सुटले. बाबासाहेबांना मखरातून उतरवून त्यांच्या काळात उभे करायचे, त्यांच्या निर्णयांपाशी थांबून 'याचे पुढे काय झाले?' असे विचारायचे, ही त्यांची पद्धत.

दुसऱ्याच रविवारी भडका उडाला. आमच्यातले एक निवृत्त गुरुजी उठून उभे राहिले. "बाबासाहेबांवर शंका घेणारं पुस्तक विहारात बसून वाचायलेत का तुम्ही?" गुरुजींनी नामांतराच्या काळात गावावरचा हल्ला अंगावर झेललेला. त्यांना उलटून बोलायची कुणाची छाती नव्हती.

आम्ही एवढेच म्हणालो की गुरुजी, १९४३ साली पुण्यात रानडे यांच्यावर भाषण करताना विभूतिपूजेला विरोध कुणी केला होता? २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत राजकारणातल्या भक्तीचा धोका कुणी सांगितला होता? बाबासाहेबांनीच ना? मग त्यांचे मूल्यमापन करणाऱ्याला शत्रू ठरवून आपण नेमके कुणाचे अनुयायी ठरतो?

याचा अर्थ तेलतुंबडे म्हणतात ते सगळे आम्हाला मान्य आहे असा नाही. धर्मांतराने जात मोडली का, हा त्यांचा जुना प्रश्न. जात मोडली नाही, हे हिंगोलीच्या कुठल्याही गावात पाणवठ्यापासून स्मशानापर्यंत फिरलात तर दिसेल. पण आमच्या आजीने देव्हाऱ्यातले देव टोपलीत घालून कयाधूत सोडले, त्या दिवशी तिच्या मनातून जे गळून पडले ते कोणत्या आकडेवारीत धरायचे? इथे आमचा त्यांच्याशी वाद आहे आणि तो राहील. मात्र जमिनीच्या प्रश्नावर त्यांनी आम्हाला गप्प केले. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून सामूहिक शेतीसाठी गावकऱ्यांना द्यावी, अशी मागणी केली होती. आज दुसऱ्याच्या शेतातली हळद काढायला आणि दिवाळीनंतर ऊस तोडायला जाणारी आपली माणसे आहेत, आणि आपली भाषणे पुतळ्याच्या उंचीवर अडकलेली आहेत. या मागणीवर जयंतीच्या मंचावरून शेवटचे कधी ऐकले, आठवून बघा.

दुसरे पुस्तक शैलजा पाईक यांचे, 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट', २०२२ चे. पाईक पुण्याच्या येरवड्यातल्या वस्तीत वाढल्या, अमेरिकेत इतिहास शिकवतात, २०२४ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. तेव्हा आपण त्यांचा फोटो स्टेटसला ठेवला. पुस्तक किती जणांनी उघडले? ते तमाशातल्या दलित स्त्रियांवर आहे. त्यांना 'अश्लील' कुणी ठरवले, त्यांच्या कलेवर पैसा आणि नाव कुणी कमावले, हे त्यात आहेच. पण बोचणारा भाग पुढे आहे. पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेली देणगी बाबासाहेबांनी नाकारली, कारण तो पैसा आपल्याच बायांच्या नाचण्यावर मिळालेला होता. भूमिका स्वाभिमानाची होती. पण मनुस्की मिळवायच्या या धडपडीत फडावरच्या बाईचे काय झाले, तिला चळवळीने जवळ केले की लपवले, हा पाईक यांचा प्रश्न आहे. हे प्रकरण सांगून झाल्यावर आमच्यातल्या एका ताईने पहिल्यांदा तोंड उघडले की तिची मावशी फडात होती. दहा वर्षे ती विहारात येते. तिने हे आजवर का सांगितले नाही, हे आम्हाला विचारायची गरज पडली नाही.

सूरज येंगडे यांचे 'कास्ट मॅटर्स' (२०१९) मराठीतही आले आहे, त्यामुळे सबब चालणार नाही. शेजारच्या नांदेडचा हा माणूस शिकून-सवरून आत्ममग्न झालेल्या दलितांना झोडपतो. आमच्या पिढीने आरशासारखे वाचावे. अजंथा सुब्रमण्यन यांचे 'द कास्ट ऑफ मेरिट' (२०१९) आयआयटी मद्रासवर आहे. वरच्या जातींची पिढीजात पुंजी 'गुणवत्ता' या नावाखाली कशी वावरते, ते त्यात उलगडले आहे. आरक्षणावरून वर्गात टोमणे ऐकणाऱ्या पोरांनी हे आधी घ्यावे.

एक गोष्ट मात्र सलते. अशोक गोपाल यांचे 'अ पार्ट अपार्ट' (२०२३) घ्या. त्याचा मोठा आधार बाबासाहेबांचे मराठी लेखन आणि भाषणे आहेत. पाईक यांच्याशी बोललेल्या बायाही मराठीतच बोलल्या. माल आपला, भाषा आपली, आणि ग्रंथ इंग्रजीत, तोही आठवड्याच्या मजुरीला न परवडणारा. लेखकांना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्यात इंग्रजी शिकलेले प्राध्यापक, बँकवाले, इंजिनियर कमी आहेत का? महिन्याला एक प्रकरण मराठीत सांगायला त्यांना कुणी अडवले आहे?

आम्ही वर्गणी करून एकच प्रत घेतो. ज्याला इंग्रजी येते तो घरी वाचून येतो आणि मराठीत सांगतो, बाकीचे भांडतात. चुकीचे सांगितले जाते, मग पुढच्या रविवारी दुरुस्ती होते. येत्या रविवारी सुब्रमण्यन यांचे पहिले प्रकरण बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी सांगणार आहे. तिला एक चांगला इंग्रजी-मराठी शब्दकोश हवा आहे, कुणाकडे असेल तर आणून द्यावा. गुरुजी येणार आहेत. भांडायलाच येतो, असे त्यांनी कळवले आहे.