जप्तीचा कागद कोण वाचणार?

(द्वितीय वर्ष कला)

मार्च महिना आला की विद्यार्थ्यांना परीक्षेची आठवण होते आणि ग्रामपंचायतीला वसुलीची. गेल्या वर्षी या दोन्ही गोष्टी आमच्या घरी एकाच आठवड्यात आल्या. परीक्षा माझी होती, वसुली आईकडून होणार होती. माझ्या परीक्षेचा निकाल लागला. आईच्या बाबतीत जे घडले त्याचा विचार मात्र मनातून जात नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

आमचे घर सफाळे स्टेशनापासून पाऊण तासाच्या वाटेवर आहे. वडील चार वर्षांपूर्वी वारले. आई पहाटेच्या गाडीने भाजीची टोपली घेऊन बोरिवलीकडे जाते आणि दुपार उलटल्यावर परतते. आपल्यापैकी जे रोज गाडीने कॉलेजला येतात त्यांनी अशा कितीतरी बायका पाहिल्या असतील. वडिलांच्या आजारपणापासून घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर असे सारे थकत गेले आणि आकडा ६,८४० रुपयांवर पोहोचला. हे पैसे आम्ही देणे लागत होतो, हे आधीच सांगून टाकतो. गावच्या नळाचे पाणी आम्ही प्यालो आहोत आणि गावच्या दिव्यांच्या उजेडात आई पहाटे स्टेशन गाठत आली आहे. कर भरूच नये, असे माझे मुळीच म्हणणे नाही.

त्या दिवशी भर दुपारी दोन माणसे दारात आली. घरात माझी अकरा वर्षांची बहीण एकटीच होती. त्यांनी तिच्या हातात एक कागद दिला आणि म्हणाले, "आईला सांग, उद्यापर्यंत पैसे भरा. नाहीतर टीव्ही आणि गॅस उचलून नेऊ." बहिणीने दार लावून घेतले आणि आई येईपर्यंत ती गॅसच्या शेगडीजवळ बसून राहिली.

आईला अक्षरओळख नाही. कागदावर गोल शिक्का दिसला, तेवढ्यानेच तिचा धीर सुटला. मी वाचनालयात अभ्यास करून रात्री घरी आलो, तोवर तिने कानातल्या कुड्या सोनाराकडे गहाण टाकल्या होत्या. व्याज दर महिना शेकडा तीन. मी कागद उघडून वाचला. ते नुसते बिल होते! त्यात जप्तीचा शब्दही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या राज्यशास्त्राच्या सरांना विचारले. त्यांनी ग्रंथालयातून १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम काढून दिला. त्यातले कलम १२९ मी तीनदा वाचले. प्रथम बिल द्यावे लागते. त्यावर लिहिलेल्या तारखेपर्यंत पैसे आले नाहीत, तर मागणी लेख बजावावा लागतो. तो बजावल्यापासून तीस दिवसांत भरणा झाला नाही, तरच घरातील जंगम माल जप्त करून विकता येतो. तेव्हाही अंगावरचे जरुरीचे कपडे, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि बियाणे यांना हात लावता येत नाही. म्हणजे आईने ज्या संध्याकाळी कुड्या काढून दिल्या, त्या संध्याकाळी जप्तीची पहिली पायरीसुद्धा पुरी झालेली नव्हती.

याच कलमात थकबाकीदाराच्या बायकामुलांच्या कपड्यांना आणि अंथरुणाला संरक्षण आहे. ते वाचताना वाटले, कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे थकबाकीदार म्हणून पुरुषच असावा. आमच्या घरी थकबाकीदार, घरधनी आणि मुलांची आई ही तिन्ही एकच व्यक्ती आहे, आणि ती दिवसभर गाडीत असते.

मित्रांनो, कागदाचे हे भय आपल्याकडे नवे नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. जो कागद आपल्याला वाचता येत नाही आणि तरीही आपले घर खातो, त्याच्यावरचा तो राग होता. त्या दंग्यांनंतर सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी त्यांना तुरुंगात टाकणे बंद झाले. पुढे १८८३ मध्ये महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. अडाणी माणूस कारकुनापुढे कसा नागवला जातो हे त्यांनी त्यात दाखवले. आज सावकाराच्या जागी आपलीच ग्रामपंचायत आहे, आपणच निवडून दिलेली. पण अक्षर न कळणाऱ्या माणसाची दारातली स्थिती किती बदलली?

इंग्लंडात स्थानिक कर थकला की जप्तीचे अंमलदार घरी येतात. तेथेही गरिबांच्या तक्रारी पुष्कळ आहेत. परंतु २०१४ पासून तेथे लागू असलेल्या नियमांत एक गोष्ट स्पष्ट लिहिलेली आहे. घरात सोळा वर्षांखालील मूल किंवा असहाय माणूस एकटेच असेल, तर अंमलदाराला माल ताब्यात घेता येत नाही. अकरा वर्षांच्या मुलीला धमकावून वसुली करू नये, एवढे शहाणपण आपल्याला परदेशातून आणावे लागावे काय?

कोणी म्हणेल, मार्चअखेर वसुली झाली नाही तर कर्मचाऱ्यांना वरून बोलणी बसतात, आणि कर आला नाही तर गावचा पाणीपुरवठा चालायचा कसा? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी अर्ज घेऊन कार्यालयात गेलो तेव्हा तेथील कारकून माझ्याशी नीट बोलले. चार हप्ते मान्य झाले, दर हप्त्याची पावती मिळाली. मग मला प्रश्न पडला, जे अर्ज दिल्यावर दहा मिनिटांत जमले ते आमच्या दारात का सांगता आले नाही? "हप्ते करून मिळतील" हे तीन शब्द बहिणीला सांगितले असते, तर कुड्या आईच्या कानातच राहिल्या असत्या.

माझे मागणे मोठे नाही. हातात दिलेला कागद बिल आहे की मागणी लेख, हे देणाऱ्याने तोंडी सांगावे. ज्याला वाचता येत नाही त्याला तो वाचून दाखवावा. घरात फक्त मूल असेल तर वसुलीचा शब्द काढू नये. विधवा, आजारी, एकट्याने मुले वाढवणाऱ्या माणसाला हप्त्यांची सोय आपणहून सांगावी. यासाठी कायदा बदलावा लागत नाही.

दुसरे मागणे आपणा विद्यार्थ्यांकडे आहे. आपल्यातील कित्येकजण घरात पहिलेच कॉलेजात आलेले आहेत. निबंधात आपण कवींची नावे लिहितो, पण घरी आलेला कागद आईला वाचून दाखवतो का? १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे मला सरांनी सांगेपर्यंत ठाऊक नव्हते. मग आईला कोठून ठाऊक असणार? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी सात दिवस गाव झाडतो. त्यातला एक दिवस ओट्यावर बसून लोकांचे कागद वाचून दाखवण्यासाठी ठेवावा, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे.

आमचा चौथा हप्ता फिटला. शेवटची पावती आईने कुड्यांच्या रिकाम्या डबीत ठेवली आहे. कुड्या अजून सोनाराकडेच आहेत. त्या सोडवायला आणखी काही महिने लागतील. पण आता दारात कुणी कागद दिला तर बहीण तो आधी उघडून मोठ्याने वाचते, आणि देणारा माणूस वाचून होईपर्यंत उभा राहतो.