दोष बीजकोशाचा की आपल्या नजरेचा?

'मुलीची पाळी नियमित येत नाही' हे वाक्य आपल्याकडे दार लावूनच बोलले जाते. त्यात वजन वाढले, हनुवटीवर केस दिसू लागले की निवाडाच होतो. कुणी म्हणते, फार खाते. कुणी म्हणते, रात्री जागून अभ्यास करते. औषध मात्र सर्वांचे एकच – लग्न!

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे आळीतल्या बायका डॉक्टरांचे कागद वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. सोनोग्राफीच्या कागदावर 'सिस्ट' हा शब्द ऐकला की आयांच्या पोटात गोळा येतो. म्हणून शास्त्र काय सांगते ते येथे मांडते.

१९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथाल या डॉक्टरांनी ७ स्त्रियांवरून या विकाराचे वर्णन केले. आज त्याला पीसीओएस म्हणतात. सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नव्हेतच. वाढ अर्धवट राहिलेल्या स्त्रीबीजांच्या त्या बारीक पिशव्या असतात. ही वाढ का थांबते? मेंदूच्या तळाशी पीयूषिका ग्रंथी आहे. तिचे एलएच हे संप्रेरक पुष्कळ रुग्णांत प्रमाणाबाहेर वाढते आणि बीजकोशाला पुरुषी संप्रेरके जास्त बनवायला लावते. दुसरीकडे शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते अधिक सोडते. हे जादा इन्शुलिनही बीजकोशाला त्याच कामाला जुंपते. शिवाय पुरुषी संप्रेरकांना रक्तात बांधून ठेवणारे प्रथिन यकृतात कमी तयार होते. परिणामी बीज पिकत नाही, पाळी लांबते.

हा कल पुष्कळदा घराण्यातूनच येतो आणि सडपातळ मुलींनाही हा विकार होतो. मग 'फार खाते' हा आरोप टिकतो कुठे? वजन आटोक्यात ठेवल्याने, व्यायामाने फायदा होतो, हे खरे; पण तो उपचार आहे, शिक्षा नव्हे. लग्नाने तर संप्रेरके बदलत नाहीत. उलट दुर्लक्षाने पुढे मधुमेहाचा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण स्त्रियांचे निदानच झालेले नसते. लाजेची किंमत ती ही!

माझी गुरुजनांना विनंती आहे की, या विषयावर कॉलेजात एखाद्या डॉक्टरांचे व्याख्यान ठेवावे आणि त्याला मुलांनाही बसवावे. घरात निवाडा करणाऱ्यांत उद्या तेही असणार आहेत.