गडाचा मोसम कोणी ठरवला?

श्रावण लागला की पुण्याहून लेकाचा फोन ठरलेला. "आई, यंदा तरी ये. गड बघावेत ते पावसातच." त्या दिवसांत इथं मराठवाड्यात, सिद्धेश्वरला सोयाबीनमध्ये गवत माजलेलं असतं, हळदीला भर लावायची राहिलेली असते आणि खुरपायला बाई मिळत नाही.

पावसातच गड, हा मोसम शनिवार-रविवारी सुट्टी असणाऱ्यांनी ठरवला. हिरवळ नि धबधबाच बघायचा तर ठीक आहे. पण धुक्यात तटबंदी दिसत नाही, शेवाळलेल्या पायरीवर माझ्या वयाच्या बाईचा पाय ठरत नाही, आणि सिंधुदुर्गासाठी मालवणहून सुटणाऱ्या होड्या तर भर पावसाळ्यात बंदच असतात. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे 12 किल्ले गेले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तामिळनाडूतला जिंजी. अभिमान वाटलाच. मराठवाड्यातला त्यात एकही नाही, याचं मला मात्र फारसं वाईट वाटलं नाही. गर्दी तिकडं जाईल.

शेतकऱ्याच्या घराला सवड दोनदाच. पोळ्यानंतर सोयाबीन कापणीला येईपर्यंत थोडी, आणि हरभरा पेरून झाल्यावर हळद काढायला येईपर्यंत जरा ऐसपैस.

पहिल्या सवडीत नळदुर्ग. येलदरी धरणाचं पाणी सुटलं की आमच्या सिद्धेश्वर धरणाचे दरवाजे उघडतात, हे बघतच आम्ही म्हातारे झालो. अडवलेल्या पाण्याचं आम्हाला काय कौतुक? नळदुर्गाला मात्र तोंडात बोट घातलं. बोरी नदीवर बंधारा, आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात महाल! दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. नदीला पाणी असलं की नर आणि मादी असे दोन धबधबे बंधाऱ्यावरून कोसळतात. आत खिडकीशी उभं राहिलं की पाण्याचा पडदा समोर, तोंडावर नुसते तुषार. आमच्या बचत गटातली एक म्हणाली, "इंजिनेराला इथं आणून दाखवा." हा किल्ला तेवढा पाण्याच्या दिवसांतच बघावा, पण बोरीला पाणी आहे का आणि आत सोडतात का, याची चौकशी करूनच निघावं. वाटेत तुळजापूर आहेच. नवरात्राच्या आधी गेलं तर आईसाहेबांचं दर्शनही धक्काबुक्कीशिवाय होतं.

थंडीत कंधार. राष्ट्रकूटांचं जुनं ठाणं, भुईकोट किल्ला, भोवती रुंद खंदक. चढण नाही, त्यामुळे गुडघे धरलेल्या बायकाही तटाच्या कडेनं निवांत हिंडतात. कंधारलाच क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे अवशेष सापडले आहेत. दगडाचं नुसतं पाऊल बघून अख्खी मूर्ती केवढी असेल, याचा हिशोब करत आमचा बचत गट बसला, आणि त्यात भाकरी खायची वेळ टळली. माहूरलाही रेणुकेच्या शेजारी रामगड आहे. दर्शन झालं की लोक परस्पर परततात, किल्ल्याकडे बघत नाहीत. दत्तजयंतीला मात्र माहूर नको, आणि माळेगावची यात्रा भरलेली असताना कंधार नको. एसटीत पाय ठेवायला जागा मिळत नाही.

जायचं ते एसटीनंच. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट, आणि मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. लांबचं फिरायचं तर 'आवडेल तेथे प्रवास'चा चार किंवा सात दिवसांचा पास आहे, पण खेड्यातल्या किती जणांना तो माहीत आहे? शाळांच्या सहली मात्र रात्रभर गाडी हाणत रायगड-महाबळेश्वरला जातात. पोरं गाडीत झोपतात, गडावर पेंगतात. पाचवीतल्या पोराला आधी कंधारचा खंदक दाखवा. रायगड कुठं पळून जात नाही.

सरकारकडं मागणं एकच. आमच्या भुईकोटांवर रोषणाई नि ध्वनिप्रकाशाचे खेळ राहू द्या. किल्ला कितीही देखणा असो, बाईमाणसाला आधी संडास कुठं आहे ते बघावं लागतं. नसला की सकाळपासून पाणी न पिता हिंडायचं. प्रत्येक किल्ल्यावर संडास बांधा, नळाला पाणी ठेवा, झाडायला बाई नेमा, आणि तिचा पगार महिन्याच्या महिन्याला द्या.