बटण दाबणारे हात आणि गणित मांडणारी डोकी

अभियांत्रिकीचे निकाल लागले की भूमसारख्या तालुक्याच्या गावातून पुण्याकडे निघणाऱ्या एसटीत यंत्र अभियांत्रिकीची ताजी पदवी घेतलेले चार-दोन तरुण हमखास भेटतात. बालाघाटच्या डोंगररांगांमधील हा अवर्षणप्रवण मुलूख. येथील शेती पावसाच्या आणि संसार दुधाच्या भरवशावर चालतो. अशा घरातील मुलगा धाराशिवला किंवा तुळजापूरला चार वर्षे शिकून अभियंता होतो, तेव्हा ती पदवी एकट्या त्याची नसते. तिच्यामागे वडिलांचे कर्ज असते, आईची काटकसर असते आणि धाकट्या भावंडांनी मारलेले मन असते.

या पदवीधराला पुण्यात उतरल्यावर काय ऐकावे लागते? पहिला सल्ला असा : ‘मेकॅनिकलला आता स्कोप नाही, संगणकाची भाषा शीक आणि आयटीत जा.’ दुसरा सल्ला त्याहून गोड असतो : ‘सिम्युलेशनचा कोर्स कर. चार महिन्यांत प्रमाणपत्र आणि नोकरीची शंभर टक्के हमी!’ पहिला सल्ला मुलाची चार वर्षे पाण्यात घालतो. दुसरा त्याच्या वडिलांचे उरलेसुरले पैसे घालवतो आणि वर त्याला भ्रमात ठेवतो. म्हणूनच तो अधिक घातक आहे.

सिम्युलेशन म्हणजे काय?

मोटारीचा सांगाडा धडकेत कसा चेपेल, पंपाचे पाते किती दाब सोसेल, हे प्रत्यक्ष वस्तू मोडून न पाहता संगणकावर आधीच गणिताने ताडून पाहायचे, म्हणजे सिम्युलेशन. वस्तूचे हजारो लहान तुकडे कल्पून त्यांची जाळी विणायची, प्रत्येक तुकड्यावरील भार आणि ताण यांची समीकरणे मांडायची आणि ती संगणकाकडून सोडवून घ्यायची. समीकरणे सोडवण्याचे कष्ट यंत्र उपसते. पण भार कोठे द्यायचा, वस्तू कोठे जखडलेली मानायची, जाळी कोठे बारीक विणायची, आणि आलेले उत्तर खरे की खोटे, हा विवेक माणसाचाच असतो. चार महिन्यांच्या वर्गात शिकवतात ती बटणे. विवेक शिकवला जात नाही.

या विवेकाच्या अभावाची किंमत जगाने मोजली आहे. २३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ स्लाइपनर नावाच्या तेलफलाटाचा प्रचंड काँक्रीट पाया चाचणी सुरू असतानाच समुद्रात बुडाला. त्याच्या रचनेचे विश्लेषण नामांकित सॉफ्टवेअरवर झालेले होते. पण नाजूक जागी जाळी विरळ आणि बेढब राहिली होती. त्यामुळे तेथील कर्तन ताण ४७ टक्क्यांनी कमी दिसला आणि भिंतीचा तो भाग कच्चा राहिला. नंतर काळजीपूर्वक केलेल्या विश्लेषणाने सुमारे ६२ मीटर खोलीवर भिंत फुटेल असे दाखवले. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती. सॉफ्टवेअरचा दोष नव्हता. पडद्यावरील रंगीत चित्र पाहून समाधान मानण्याच्या वृत्तीचा तो दोष होता.

परक्याची किल्ली

प्रश्न केवळ एका मुलाच्या नोकरीचा नाही. आपले तरुण ज्यावर प्रावीण्य मिळवतात, ती बहुतेक सारी सॉफ्टवेअरे परकीय आहेत. ॲन्सिस आणि हायपरमेश या दोन नावांभोवती पुण्यातील असंख्य वर्गांची दुकाने चालतात. २०२५मध्ये ॲन्सिस सिनॉप्सिस या अमेरिकी कंपनीने घेतली आणि हायपरमेश बनवणारी अल्टेअर जर्मनीच्या सीमेन्सने. हे सौदे करताना आपल्याला कोणी विचारले होते? त्याच वर्षी जुलैत, युरोपीय संघाच्या निर्बंधांचे कारण पुढे करून मायक्रोसॉफ्टने गुजरातमधील नायरा एनर्जीच्या सेवा अचानक थांबवल्या. दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यानंतर त्या पूर्ववत झाल्या. पैसे भरून घेतलेल्या साधनाची किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला असते, हा धडा यापेक्षा स्पष्ट कोणी द्यावा?

हा धडा महाराष्ट्राला नवा नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेने हव्या त्या क्षमतेचा क्रे महासंगणक भारताला नाकारला. तेव्हा १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावात जन्मलेल्या विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये ‘परम ८०००’ साकारला. सिम्युलेशनमध्येही आपण रिकाम्या हातांचे नाही. विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने १९७७पासून ‘फीस्ट’ ही विश्लेषणप्रणाली विकसित केली असून ती उद्योगांनाही खुली केली आहे. पण किती महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ती दिसते? आपल्याच घरचे दिवे विझवून शेजाऱ्याच्या उजेडात अभ्यास करण्याची ही हौस कशासाठी?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. कर्जबाजारी घरातील मुलाला सहा महिन्यांत पगार हवा असतो. त्याने स्वदेशी प्रणालीची वाट पाहात बसावे काय? मुळीच नाही. पोट भरण्यासाठी परकीय सॉफ्टवेअर शिकावे लागले, तर ते अवश्य शिकावे. हत्यार कोणाचेही असो, हात आपला तयार हवा. पण ज्याला साध्या तुळईवरील ताण कागदावर काढता येत नाही, तो प्रमाणपत्रांची चळत घेऊन गेला तरी आयुष्यभर दुसऱ्याच्या आराखड्यावर जाळी विणत बसतो. आणि असे यांत्रिक काम स्वयंचलित होण्यास वेळ लागत नाही. ज्याचे मूळ विषय पक्के आहेत, त्याला नवे सॉफ्टवेअर काही आठवड्यांत हाताळता येते. उलटा प्रवास होत नाही.

भूमची भट्टी हीच प्रयोगशाळा

मग आरंभ कोठून करावा? भूममधूनच करावा. हा तालुका खव्याचा आहे. पाच लिटर दुधापासून साधारण एक किलो खवा होतो, म्हणजे सुमारे चार किलो पाणी वाफ करून घालवायचे. एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते. दूध तापवण्याची उष्णता मिळवली तरी एकूण हिशेब साडेदहा हजारांच्या आसपास राहतो. वाळल्या लाकडाच्या एका किलोत पंधरा हजार किलोज्यूलच्या आसपास उष्णता असते. म्हणजे सारी उष्णता कढईलाच मिळाली, तर किलोभर खव्याला पाऊण किलोच्या आत लाकूड पुरावे. आपल्या शेजारच्या भट्टीत प्रत्यक्षात किती जळते, ते तरुणाने तराजू घेऊन मोजावे. उरलेली उष्णता धुराड्यातून, भिंतीतून, उघड्या तोंडातून किती जाते याचे गणित आधी वहीत मांडावे आणि मगच संगणकावर. त्यासाठी ओपनफोमसारखी प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. मुंबई आयआयटीचा फॉसी प्रकल्प तिचा प्रसार करतो आणि एनपीटेलवर मूळ विषयांची व्याख्याने घरबसल्या ऐकता येतात. मोजमाप आणि गणित यांचा मेळ घालणारा असा एक अहवाल मुलाखतीत दहा प्रमाणपत्रांहून अधिक बोलेल. शिवाय गावाचे सरपण वाचेल, ते वेगळेच.

महाविद्यालयांनी अंतिम वर्षाचे प्रकल्प विकत आणू देणे बंद करावे. साखर कारखानदारांनी आणि भट्टीमालकांनी आपल्या अडचणी विद्यार्थ्यांपुढे मांडाव्यात. पुण्यात स्थिरावलेल्या अभियंत्यांनी वर्षातून चार रविवार आपल्या तालुक्यातील मुलांसाठी राखून ठेवावेत. आणि पालकांनी वर्गाची फी भरण्यापूर्वी चालकाला एकच प्रश्न विचारावा : ‘उत्तर चुकले, तर ते माझ्या मुलाला कळेल काय?’ याचे सरळ उत्तर न देणाऱ्या दारातून त्यांनी निमूटपणे परत फिरावे.