एस्तेरची राजवस्त्रे आणि आजीची नऊवारी

पुरीम आला की इस्राएलात घरोघरी एखादी छोटी एस्तेर राणी तयार होते. डोक्यावर मुकुट, अंगात झगमगता झगा. पण एस्तेरने राजवस्त्रे का घातली, असे विचारले तर बहुतेक मुली गप्प राहतात. शास्त्रात कारण स्पष्ट आहे. बोलावल्याशिवाय राजाच्या आतल्या अंगणात जाणाऱ्याला मरणाची शिक्षा होती. एस्तेरने उपास केला, तिसऱ्या दिवशी राजवस्त्रे घातली आणि आपल्या लोकांचे प्राण वाचवायला ती आत गेली. राजापुढे राणी म्हणून उभे राहायचे, तर वस्त्रही राणीचेच हवे होते.

मुलांना धाडसी स्त्रियांची ओळख करून देताना हेच सुटते. पोशाख दाखवला जातो, काम सांगायचे राहून जाते.

आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टरी शिकायला कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांना नुकतेच अठरावे वर्ष पुरे झाले होते. आपला देशी वेष सोडायचा नाही, हा त्यांचा निश्चय होता. पण नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि तिकडची थंडी कडक. म्हणून त्या गुजराती पद्धतीने पायघोळ साडी नेसू लागल्या. साडी तीच, नेसण बदलली. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या.

त्यानंतर आठच वर्षांनी त्याच अमेरिकेत एका ज्यू बाईने उलटी वाट धरली. ॲनी कोहेन कोपचोव्स्की ही बोस्टनची, तीन मुलांची आई. जून १८९४ मध्ये ती सायकलवरून जगाच्या फेरीला निघाली. एका पाण्याच्या कंपनीने जाहिरातीसाठी १०० डॉलर दिले, म्हणून तिने कंपनीचे ‘लंडनडेरी’ हे नावही घेतले. अंगात लांब घागरा आणि खाली सुमारे १९ किलोची सायकल! शिकागोपर्यंत पोहोचता पोहोचता तिला कळून चुकले की असे जमायचे नाही. तिने जवळपास निम्म्या वजनाची पुरुषी सायकल घेतली, घागरा सोडून ढगळ विजार घातली आणि पुढे तर पुरुषांचा पोशाखही केला. सप्टेंबर १८९५ मध्ये ती शिकागोला परतली. वाटेतला बराच प्रवास बोटीने झाला होता. हिंदुस्थानात वाघ मारल्याच्या तिच्या गोष्टी मात्र कोणी खऱ्या मानू नयेत. पण घागरा टाकला तो सायकल चालवता यावी म्हणून, हे खरे.

आता कोणी म्हणेल, आनंदीबाई संस्कारी आणि ॲनी बंडखोर. हा हिशेब चुकीचा आहे. दोघींनीही आधी काम ठरवले आणि मग त्या कामाला चालेल असा वेष केला. एकीला साडी सोडायची नव्हती, दुसरीला सायकल. दोघींनी बाकीचे त्याप्रमाणे बदलून घेतले.

हे आज सांगायचे कारण असे, की लोद, अशदोद, दिमोना येथे बेने इस्राएल घरांत मेंदीची रात्र आली की जुना वाद निघतो. थोरली माणसे म्हणतात, पोरी पँट घालून फिरतात, साडी विसरल्या. पोरी म्हणतात, नऊवारीत पाऊल टाकता येत नाही. दोघांनाही एक गोष्ट माहीत हवी. कोकणातल्या बायका याच नऊवारीचा कासोटा घालून चिखलात उभ्या राहून भात लावत, विहिरीचे पाणी डोक्यावर आणत. कासोट्याने दोन्ही पाय मोकळे राहतात. तो कष्टाचा वेष होता. सैन्यात गेलेल्या नातीची पँटही कष्टाचाच वेष आहे. आजीला ती परकी वाटायचे कारण नाही.

अलिबागजवळच्या झिराड गावाचे नाव आडनावात असलेल्या डॉ. जेरुशा झिराड पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनला जाऊन शिकल्या, पुढे मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे नाव निघाले की माणसे त्यांचे काम सांगतात. आपल्या आज्यांच्या वाट्यालाही तेवढे यावे. पुढच्या मेंदीला नवरीला नऊवारी नेसवताना निऱ्या घालणारीने सोबत एवढेच सांगावे, की तुझी पणजी ही नेसून दिवसभर काय काय करायची.