प्रेमपटात देव दिसला तर बिघडले काय?

संपादक महोदय,

‘सिटी लाइट्स’सारख्या प्रेमपटात ख्रिस्ती शिकवण शोधणे म्हणजे देवाच्या प्रेमाचा अवमान, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत मला मुळीच पटले नाही. बायबलमधले ‘गीतरत्न’ हे स्त्री-पुरुषांच्या ओढीचेच काव्य आहे; त्यावर बाराव्या शतकात क्लेर्व्होच्या संत बर्नार्ड यांनी ८६ प्रवचने रचली.

चार्ली चॅप्लिनने १९३१चा हा मूकपट धर्मप्रसारासाठी काढला नव्हता, हे खरेच. पण कथा पाहा. आंधळी फुलवाली भटक्याला श्रीमंत समजते. तिच्या डोळ्यांच्या उपचारासाठी तो पैसे आणून देतो आणि चोरीचा आळ येऊन तुरुंगात जातो. तिला दृष्टी आली की आपली फाटकी अवस्था तिला दिसणार, तरीही! उजव्या हाताचे दान डाव्याला कळू नये, ही डोंगरावरील प्रवचनातली शिकवण इतकी जिवंत मी दुसऱ्या कुठल्या पडद्यावर पाहिलेली नाही.

पत्रलेखक म्हणतात, भटक्याला ती फुलवाली हवी होती. होतीच की! होशेयच्या ग्रंथातला देवही दुरावलेल्या पत्नीसाठी तळमळणाऱ्या पतीसारखाच बोलतो. त्या तळमळीची बायबलला लाज वाटत नाही.

चित्रपटाच्या शेवटी ती डोळस झालेली मुलगी भटक्याला हसते, दयेपोटी फूल आणि नाणे देऊ करते आणि हाताच्या स्पर्शाने त्याला ओळखते. तो आपण होऊन उपकार सांगत नाही, काही मागतही नाही. ती त्याला स्वीकारते की नाही, हे चॅप्लिनने तिच्यावरच सोडले आहे.

— एक ख्रिस्ती वाचक, वसई