सबवूफर आहे, पण दणका कुठे?

गाडीत सबवूफर बसवायचा म्हणजे खर्च थोडाथोडका नसतो. सबवूफर, त्याची पेटी, अ‍ॅम्प्लिफायर, वायरिंग आणि मजुरी मिळून हजारो रुपये सहज उडतात. एवढे करूनही कित्येकदा गाण्यातला तबला टकटक ऐकू येतो, पण डग्ग्याची घुमारदार साथ हरवलेलीच असते. दुकानात तक्रार घेऊन गेले, की 'याहून मोठा घ्या' असा सल्ला मिळतो.

मोठा घेण्याची घाई करू नका. सबवूफर चांगला असूनही आवाज दबका येण्याचे कारण बरेचदा जोडणीत दडलेले असते. ते शोधायला एक मल्टीमीटर, दीड व्होल्टचा साधा सेल आणि सुटीची एक सकाळ पुरते. मात्र तपासणी क्रमाने करा. आधी फुकटचे उपाय, मग खर्चाचे.

आधी बटणे पाहा

माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यातला अगदी खालचा, ८०-१०० हर्ट्झच्या आतला भाग सबवूफरच्या वाट्याला येतो. हे वाटप फिल्टर करतो. अ‍ॅम्प्लिफायरवरची कळ चुकून 'हाय पास'वर असेल, तर सबवूफरला नेमका त्याचाच भाग मिळत नाही. ती 'लो पास'वर ठेवा आणि आकडा ८० हर्ट्झच्या आसपास आणा. स्टिरिओच्या मेनूमध्ये सबवूफर बंद किंवा अगदी कमी ठेवलेला नाही ना, तेही बघा.

त्यानंतर 'गेन'. हे आवाज वाढवण्याचे बटण आहे, असा अनेकांचा समज असतो. खरे तर स्टिरिओकडून येणारा सिग्नल आणि अ‍ॅम्प्लिफायर यांचा मेळ घालण्यासाठी ते असते. 'बेस बूस्ट' बंद करा, गेन सर्वांत खाली आणा, स्टिरिओचा आवाज पाऊणपट वाढवा आणि मग गेन हळूहळू वर न्या. आवाज फाटू लागला की थोडे मागे या आणि तिथेच थांबा. फाटका आवाज रेटत राहिले, तर सबवूफरची कॉइल जळू शकते.

उलटी जोडलेली वायर

हा दोष सर्वांत फसवा. सगळे चालू दिसते, पडदा हलताना दिसतो, पण आवाजात जोर नसतो. एका स्पीकरची धन आणि ऋण वायर उलटी लागली, की तो हवा मागे ओढतो आणि त्याच क्षणी दुसरा ती पुढे ढकलतो. दोघे मिळून एकमेकांचा आवाज खाऊन टाकतात.

दोन सबवूफर असतील तर परीक्षा सोपी आहे. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून एकाची वायर काढा आणि पुन्हा वाजवा. एकट्याचा आवाज दोघांपेक्षा दमदार आला, तर चोर सापडला! एकच सबवूफर असेल, तर त्याची वायर अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवा आणि दीड व्होल्टच्या सेलची धन बाजू धन वायरला, ऋण बाजू ऋण वायरला क्षणभर टेकवा. पडदा बाहेर यायला हवा. आत गेला, तर पेटीच्या आतली जोडणी उलटी आहे.

हे ठीक असेल, तर अ‍ॅम्प्लिफायरवरची 'फेज'ची कळ ० वरून १८० वर नेऊन पाहा. एकाने चालकाच्या जागी बसून ऐकावे आणि दुसऱ्याने कळ फिरवावी. जिथे जोर जास्त, तीच बाजू योग्य.

ओहमचे गणित

हल्ली बऱ्याच सबवूफरमध्ये दोन कॉइल असतात. प्रत्येक कॉइल ४ ओहमची असेल, तर समांतर जोडल्यावर २ ओहम होतात आणि एकापुढे एक जोडल्यावर ८ ओहम. २ ओहमला भरपूर ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर ८ ओहमला ढोबळमानाने चौथा हिस्साच देतो. एकच कॉइल जोडून दुसरी मोकळी सोडली असेल, तरीही ताकद वाया जाते.

सबवूफर सुटा करून मल्टीमीटरने मोजा. ४ ओहमच्या कॉइलवर आकडा थोडा कमी, सव्वातीन ते पावणेचारच्या आसपास दिसतो. काहीच दिसले नाही तर कॉइल तुटली असे समजा. मात्र अ‍ॅम्प्लिफायरच्या पुस्तिकेत लिहिलेल्या किमान ओहमच्या खाली कधीही जाऊ नका.

वीज पोहोचते का?

इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळतात. गाणे जोरात लावून आधी बॅटरीवर आणि मग अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकांवर व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक पडत असेल, तर वीज वाटेत गळते आहे. ही तपासणी मोकळ्या जागेतच करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे जिवावर बेतू शकते.

गळतीचे नेहमीचे ठिकाण म्हणजे अर्थिंगची वायर. ती रंगावरच स्क्रूने आवळलेली असते. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट बसवा आणि लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. मुख्य वायरही तपासा. स्वस्त वायर बाहेरून जाड दिसते, पण आत तार कमी आणि प्लास्टिक जास्त असते, किंवा तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियम असते. तांब्याच्या तेवढ्याच जाडीच्या तारेइतकी वीज ती वाहून नेत नाही.

पेटी आणि तिची जागा

बंद पेटीला फट असेल तर जोर जातो. गाणे चालू असताना सांध्यांवरून हात फिरवा. हवेचा फुसकारा जाणवला तर ती जागा सिलिकॉनने बुजवा. मुद्दाम भोक ठेवलेल्या पेटीचे ते भोक मात्र बुजवू नका. जागेचाही फरक पडतो. पेटीचे तोंड मागे, बाजूला, वर असे फिरवून पुढच्या सीटवरून ऐका. सेडानमध्ये डिकी आणि मागची सीट आवाज अडवतात. मागची सीट किंवा तिचा मधला भाग पाडता येत असेल, तर पाडून बघा.

आवाजापेक्षा महत्त्वाचे

बोनेट उघडलेच आहे, तर एक गोष्ट नक्की पाहा. बॅटरीहून निघालेल्या मुख्य वायरवर, बॅटरीपासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज असलाच पाहिजे. वायर इंजिनकडून आत येते तिथे पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट हवे. ते नसेल तर पत्र्याच्या धारेने वायर हळूहळू सोलली जाते, आणि फ्यूजही नसेल तर गाडी पेट घेऊ शकते. हे काम माहीतगार ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या आणि ते होईपर्यंत सबवूफरची मुख्य वायर बॅटरीपासून काढून ठेवा. आवाज दबका असला तर फक्त मजा जाते. इथे प्रश्न गाडीत बसणाऱ्या तुमच्या माणसांचा आहे.

आणि सगळे जुळून दणका मिळू लागला, की आवाज जरा आवरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंतच ऐकावा. मुलांसाठी मर्यादा त्याहून कमी आहे. पेटी डिकीत असते आणि मुले बहुधा मागच्या सीटवर, म्हणजे तिच्या सर्वांत जवळ. गाणे चालू असताना त्यांच्याशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज कमी करायलाच हवा.